पुन्हा चौथा नंबर

"अरे, बदल की त्या पिचरला! का त्याचा खांदा गळून पडायची वाट बघतोयस?"

हात्सुएबाईंचा भोंगा सगळ्या गर्दीच्या वर ऐकू आला. खाली बाकावर हाताची घडी घालून बसलेल्या कुरामोचीने मान वळवली नाही. पाच वर्षांत एकदाही वळवली नव्हती. कोण खेळणार, कोण बसणार, हे ठरवणारा आमचा मॅनेजर तो. त्यामुळे शिव्याही त्याच्याच.

बेसबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना. शेवटचा डाव. आमचे मिनातो पेलिकन्स तीन, राजधानीचे कॉमेट्स दोन. जिंकलो तर सहा संघांत आम्ही तिसरे. हरलो तर चौथे, सलग पाचव्यांदा. मालक ओगिवारासाहेबांनी सकाळच्या पेपरात छापूनच आणलं होतं: तिसरा नंबर आला नाही तर दोष मॅनेजरचा, त्यांनी उद्यापासून विश्रांती घ्यावी. आमच्याकडे 'विश्रांती घ्या' म्हणजे काय, ते शेंबडं पोरही जाणतं.

आणि चौथा नंबर म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. तळाला असलेल्याची निदान कीव येते. चौथ्याची कोणी चौकशीही करत नाही.

"डोकं काय फक्त टोपी ठेवायला दिलंय का रे तुला?" बाई पुन्हा कडाडल्या. मैदानाच्या दारात त्यांची गाडी, ऑक्टोपस घातलेल्या गरम ताकोयाकी गोळ्यांची. सामना रंगला की गाडी झाकायची, भोंगा उचलायचा आणि वर यायचं. "जिंकणाऱ्या मॅनेजरला पोरं हवेत उडवतात, झेलतात. याला उडवायचं आमच्या नशिबात नाहीच. आपटायचंच आहे!"

आजूबाजूचे खो खो हसले. शेजारच्या तोकुझोला मात्र हसू आलं नाही. गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला तो सरळ माणूस.

"बाई, पण तो बदलून आणणार कुणाला? मुराई विकला. साकाकी विकला. डावखुरा हिरोसे विकला. तिघंही समोर कॉमेट्सच्या कपड्यांत उभे आहेत."

"हा धड असता तर गेले असते का ते? याच्या तोंडाकडे बघून दूध नासेल!"

"विकले मालकानं."

"मालक शेवया विकतो, म्हातारबा. त्याला काय कळतंय? खेळ याला कळायला नको?"

मालक आमच्या डोक्यावर, काचेच्या खोलीत बसले होते. तिथे थंड हवा असते आणि खालचा आवाज पोचत नाही, असं म्हणतात.

शेवटी कुरामोची उठला. जडशीळ चालीनं मैदानाच्या मध्यावर गेला, चेंडू फेकून दमलेल्या पिचरच्या हातून चेंडू घेतला आणि एका नवख्याच्या हातात ठेवला. दुसरा कुणी नव्हताच. कॉमेट्सचा एक गडी आधीच बेसवर उभा. समोर बॅट घेऊन आला मुराई. गेल्या वर्षीपर्यंत आमचा होता. तिसऱ्या चेंडूवर त्याने असा फटका हाणला की चेंडू कुंपणापलीकडच्या पार्किंगमध्ये गेला. मुराई चारही बेस मान खाली घालून धावला. घर जळाल्यासारखं तोंड करून.

एका फटक्यात दोघांच्या दोन धावा. कॉमेट्स चार, आम्ही तीन. मग आमचे तिघे बॅट घेऊन आले आणि गेले. संपलं.

"विश्रांती!" बाईंनी सुरुवात केली. "विश्रांती! विश्रांती!" हां हां म्हणता सगळं मैदान तेच ओरडू लागलं. काय पण चेव चढला होता लोकांना! वर्षभर संघासाठी एवढं कुणी ओरडलं नव्हतं.

कॉमेट्स मैदानाच्या मध्यावर जमले. त्यांच्या मॅनेजरने चष्मा काढून कुणाच्या तरी हातात दिला आणि उडवून घ्यायला हात पसरून उभा राहिला. पण त्या घोळक्यातून तिघं बाहेर पडले. मुराई, साकाकी, हिरोसे. ते सरळ आमच्या बाकाकडे चालत आले.

कुरामोची तिथे एकटाच होता. लोकांनी टाकलेले कागदी पेले वाकून गोळा करत होता. तिघांनी टोप्या काढल्या, कमरेत वाकून नमस्कार केला आणि त्याचे दंड धरले.

"अरे, वेडे झालात का? तुमचा मॅनेजर तिकडे उभा आहे!"

"उभा राहू दे त्यांना," मुराई म्हणाला. "आम्हाला बॅट धरायला तुम्ही शिकवलंत."

त्यांनी त्याला ओढत मध्यावर आणलं. कुरामोची चांगला गरगरीत माणूस. तिघांना उचलेना. मग आमची हरलेली पोरं धावली, मागोमाग कॉमेट्सचीही दोघं-तिघं. आणि तो म्हातारा हवेत गेला. पुन्हा गेला. टोपी पडली, टक्कल चमकलं. दरवेळी पंधरा-वीस हातांनी त्याला अलगद झेललं.

ओरडा केव्हा थांबला, कळलं नाही.

"बाई," तोकुझो हळूच म्हणाला, "विश्रांती म्हणा की."

बाईंचा भोंगा तोंडाशीच होता. मग त्यांनी मैदानाकडे पाठ केली आणि वर काचेच्या खोलीकडे बघितलं. ओगिवारासाहेब उभे राहून कोट चढवत होते.

"ओ शेवयावाले!" त्या अशा ओरडल्या की काचेतूनही ऐकू गेलं असावं. साहेबांचा हात बाहीतच थांबला. "खाली उतरा की जरा! तुम्हाला उडवल्यावर झेलायला कोण येतंय, बघू दे आम्हाला!"