पोलादभाऊचं औक्षण

अंगात दहा माणसांचं बळ भरणारा सूट घालून चोरांना बदडणाऱ्या पोलादभाऊचा आज चौकात सत्कार होता, आणि औक्षणाचं ताट मृण्मयीने हट्टाने मागून घेतलं होतं. भक्तीबिक्ती काही नाही हं! याच शूरवीराने तिच्या भावाला, निनादला, चोर समजून भिरकावलं होतं. मित्राची गाडी घेऊन निघालेला बिचारा! उजवा हात कायमचा गेला. पोलीस म्हणाले, "चेहराच माहीत नाही, तर तक्रार कुणावर घेऊ?"

पण टिळा काय हेल्मेटवर लावतात?

पूर्वेकडे तोंड हवं म्हणून तिने पाट गर्दीला पाठमोरा मांडला. "भाऊ, कपाळ!" ती म्हणाली. लोक हसले. नाइलाजाने त्याने हेल्मेट काढलं.

समोर शेजारचा सुजयदादा होता. निनादला रोज येऊन आपल्या हाताने भरवणारा सुजयदादा!

चेहरा दिसताच नाव ओरडायचं, एवढंच तर ठरलं होतं!

"ओरड," तो पुटपुटला. "रोज सांगायला येतो गं, पण निनाद 'ये मित्रा' म्हणतो आणि जीभच उचलत नाही."

"आटपा की!" मागून कुणीतरी खेकसलं. "तिकडे चोर मोकाट सुटलेत!"

त्याचा हात हेल्मेटकडे गेला. मृण्मयीने ते आधीच काखोटीला मारलं होतं.

"हे मिळणार नाही. आधी निनादला सांगायचं, मग चौकीत."

"आणि हे लोक?"

तिने त्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "आणि आता वळ."