मागची साखळी

शिरड शहापूरच्या रस्त्याचं काम चालू होतं. छोटा रोलर ट्रॉलीवर चढला की त्याच्याखाली लाकडी गुटके ठोकून चारी साखळ्या आवळायचं काम संतरामचं. ते झालं की तो लंगडत पुढं यायचा आणि प्रेमसिंगला सीटवरून खाली उतरवल्याबिगर ट्रॅक्टर काही हलू द्यायचा नाही.

आजही आलाच. “प्रेमसिंगभाऊ, मागची साखळी येकडाव वढून बगा.”

“आरं, रोज रोज काहून? तूच बांधली न्हवं?”

“मीच बांधली म्हनून तर. मागल्या साली मह्या हातानं कडी नीट बसली न्हाई, साखळी वाटंतच कुठं पडली, आन् रोलर घसरून मह्याच पायावर आला. तुमी ट्रॅक्टर तवाच उभा केला म्हनून वाचलो. आता मह्या हाताचा मलाच भरोसा राह्यला न्हाई.”

प्रेमसिंग उतरला. साखळी ओढून पाहिली, “बराबर हाय” म्हणाला आणि संतरामच्या तोंडाकडं न बघताच परत सीटवर जाऊन बसला.

&nbsp;

मागल्या साली, अपघाताच्या त्या दिवशी, संतराम हापशावर पाणी प्यायला गेला, तेवढ्यात चिखलात रुतलेली एक बैलगाडी ओढायला प्रेमसिंगनंच मागची साखळी सोडली होती. आणि परत लावायची राहून गेलेली ती साखळी वर्षभर त्याच्याच घरात, ज्वारीच्या कणगीमागं दडवलेली होती.