किल्ल्यांचा जुडगा
माकडीण खुर्चीत बसली होती, डोकं चौकटीत घट्ट बांधलेलं. तिच्या मेंदूतल्या एकाच पेशीचा आवाज संशोधिका हेडफोनवर ऐकत होती. खुर्ची गरागरा फिरवली तरी ही पेशी ढिम्म असायची. माकडिणीला स्वतःहून मान वळवावीशी वाटली, तरच तडतडायची. सकाळपासून चिडीचूप होती. तेवढ्यात दार उघडलं. बारा वर्षं माकडिणीचं खाणंपिणं बघणारे, गेल्या महिन्यात निवृत्त झालेले मामा पिंजऱ्याच्या किल्ल्या परत करायला आले होते. खाऊ देताना वाजवायचे, तसा त्यांनी पाठीमागून जुडगा वाजवला. माकडीण समोरच बघत राहिली. "रुसलीय," मामा म्हणाले. "न सांगता गेलो ना." संशोधिकेच्या कानात मात्र लाह्या तडतडत होत्या. तिने हेडफोन काढून मामांच्या कानांवर चढवला. "डोकं बांधलंय तिचं. आता वाजवा." मामांनी वाजवला. मग जुडगा मुठीत गच्च धरला, तरी तडतड थांबेना.