गॅरेजमागचा खड्डा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि पायाखालचा चुनखडीचा डोंगर आतून पाहा. नुसती बिळंच बिळं! वर ओतलेलं पाणी कुठून कुठे निघेल, काही नेम नाही. त्या बिळांचा नकाशा करायला आलेल्या भूवैज्ञानिक ताई त्या सकाळी गॅरेजमागच्या खड्ड्यात बादलीभर हिरवा रंग ओतत होत्या. शेजारी मेकॅनिक हाताची घडी घालून उभा होता आणि त्याला चिकटून त्याची लेक, भिंगरी.

"ताई, अख्खं गाव झऱ्याचं पाणी पितं. विष तर नाही ना हे?" मेकॅनिकने विचारलं.

"छे हो! उन्हात राहिला की हा रंग आपोआप उडून जातो. तुमच्या खड्ड्यातल्या जळक्या ऑइलचं मात्र तसं नाही."

मेकॅनिकने खड्ड्याकडे पाहिलं. रंग झऱ्यात निघाला, तर गॅरेज झरा जपण्यासाठी नकाशावर ओढायच्या रेषेच्या आत येणार आणि वीस वर्षांचं बस्तान हलवावं लागणार.

ताईंना डोंगरावर काम होतं. म्हणून झऱ्यावर त्यांनी भिंगरीला बसवलं. दोन दिवस, दिवसाचे बारा तास, तासाला एक बाटली.

"मेकॅनिकच्याच पोरीला?" झऱ्यावरचा पंप चालवणारे काका हसले. "मग निघालाच रंग!"

"माझा तिच्यावर विश्वास आहे," ताई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी भिंगरीने बाबांसोबत ताईंच्या खोलीवर चोवीस बाटल्यांचा खोका आणला. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात वेळ. ताईंनी पडदे ओढून निळा दिवा लावला. डोळ्यांना न दिसणारा फिका रंगही त्याखाली चमकतो. एकेक बाटली धरून पाहिली. चोवीसच्या चोवीस कोऱ्या!

ताईंनी पेन्सिलीने रेषा ओढली. गॅरेज बाहेर राहिलं.

मेकॅनिकने हात जोडले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? आभार भिंगरीचे माना. इतक्या नेटक्या बाटल्या माझे विद्यार्थीसुद्धा भरत नाहीत."

भिंगरी लाजली. "मी त्या खिडकीत रांगेनं मांडल्या होत्या. उन्हात काय झगमगायच्या, ताई!" मग तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली आणखी एक बाटली काढली. "ही जास्तीची भरली, खास तुमच्यासाठी. आठवण म्हणून. कुणी फोडू नये म्हणून ट्रंकेत लपवली होती."

तिने ती दिव्याखाली ठेवली. पाणी हिरवंगार पेटलं.

भिंगरीने एका हाताने बाबांचा तेलकट हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने खोडरबर उचललं.