पहिल्या पाळीची हजेरी

"विक्रम अभिमन सपकाळे?"

"हजर," बेचाळीस वर्षांचे विक्रम अभिमन सपकाळे उठून म्हणाले. मिशी त्यांनी सकाळीच उतरवली होती. ओठावर तेवढाच पट्टा गोरा दिसत होता. त्यांचं खरं नाव रोहिदास. पाइप कारखान्यात ते बावीस वर्षं मशीन चालवत होते.

वर्गाच्या दाराशी उभ्या तेजसने श्वास सोडला. सदतीस नावं झाली होती आणि अजून कोणी चुकून स्वतःचं खरं नाव सांगितलं नव्हतं.

तेजस हा जळगावच्या पाइपवाल्या गिरधरशेठचा धाकटा. इंग्लंडहून मॅनेजमेंट शिकून आला तेव्हा वडिलांनी एका वाक्यात वाटणी केली. "कारखाना नीट चालतोय, त्याला तू हात लावू नको. आजोबांचं कॉलेज आहे, ते चालव." चार वर्षं अध्यक्ष म्हणून तो कॉलेज चालवत होता. प्रवेश भरगच्च, फी वेळेवर, परीक्षेला बसायला बाक पुरत नसत. फक्त वर्गात कोणी येत नसे. तेजसने हजेरीचं ॲप आणलं. सकाळी फुकट पोहे ठेवले, ते प्राध्यापकांनी संपवले. व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान ठेवलं, त्याला व्याख्याते आले. शेवटी त्याने निदान केलं आणि दर सव्वीस जानेवारीला ते माइकवरून सांगू लागला: आजच्या पिढीला कष्टच नकोत.

आज मूल्यांकन समिती आली होती. श्रेणी घसरली तर मान्यता जाणार होती आणि इमारत पाइपांचं गोदाम होणार होती. गिरधरशेठनी मागच्या आठवड्यात माणूस पाठवून वर्ग मोजूनही घेतले होते. सहा मीटरचा पाइप आडवा बसतो, असं त्याने कळवलं होतं.

म्हणून तेजसने पहाटेच कारखान्याच्या पहिल्या पाळीचे अठ्ठावन्न कायम कामगार बसमध्ये घातले. प्रत्येकाच्या हातात नावाची चिठ्ठी आणि पाठीवर दप्तर दिलं. मशीनचं काय, असं त्याने फोरमन भाईदास नानांना विचारलं, तर नाना म्हणाले, "बंद नही पडाव, भाऊ. ठेकेदारना पोरे शेतस ना." मशीन ठेकेदाराची पोरं सांभाळणार, तेजसला तेवढं पुरलं.

पुढच्या बाकावर दोन खऱ्या मुली होत्या, डिंपल आणि ललिता. रोज त्या दोघीच असायच्या. आज त्यांना जेमतेम जागा मिळाली.

उषा मॅडम अकरा वर्षं रिकाम्या बाकांना पदार्थविज्ञान शिकवत आल्या होत्या. साठ डोकी दिसल्यावर त्या समितीला विसरल्या. नळीच्या शेवटच्या टोकाला पाण्याचा दाब कमी का होतो, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की तिसऱ्या बाकावरचे दोघे वाद घालू लागले. रोहिदासना राहवेना. ते उठले.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण आधी सांधा बघायचा. दहातले सात वेळा सांधाच सुटलेला असतो."

समितीचे अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "वा! बाळ, शिकून पुढे काय करायचं ठरवलंयस?"

"तीन वाजता घरी जायचं, साहेब. पाळी सुटते ना."

तेजसला गोदाम दिसू लागलं, त्यात आडवे सहा मीटरचे पाइप.

"कमवा आणि शिका!" समितीचे अध्यक्ष ओरडलेच. "म्हणजे हे विद्यार्थी तुमच्याच कारखान्यात काम करतात?"

"हो," तेजस म्हणाला.

"अख्खा वर्ग?"

"अख्खा."

"अहो, मग हे लपवता काय! कामगार म्हणून यांची नोंद असेलच. मस्टर आणा तीन वाजेपर्यंत. मस्टर दाखवलंत तर श्रेणी वाढलीच समजा. नाही दाखवलंत तर मात्र कठीण आहे."

तेजस ऑफिसात गेला, दार लावलं आणि भाईदास नानांना फोन लावला.

"नाना, एक खोटं मस्टर बनवायचंय. आपल्या कॉलेजची पोरं आपल्या कारखान्यात कामाला आहेत असं. नावं पाठवतो. तीन वर्षांपासूनच्या तारखा टाका, शिक्का मारा. कोणाला बोलू नका."

"खोटं कशाले, भाऊ?" नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन मिनिटांत मोबाइलवर फोटो आला. ठेकेदाराचं मस्टर. कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा. पहिली पाळी, सात ते तीन. तेजसने वर्गाची यादी शेजारी ठेवली आणि एकेका नावावर बोट ठेवत खाली आला. रेशमा सुकदेव महाजन. धनसिंग राजपूत. विक्रम अभिमन सपकाळे: सोमवार हजर, मंगळवार हजर, आज हजर. साठपैकी अठ्ठावन्न नावं जुळली. राहिलेल्या दोघी पुढच्या बाकावर बसल्या होत्या.

त्याने पुन्हा फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर चालू होती. आज एक मिनिटही मशीन थांबलं नसल्याचं नानांनी आधीच सांगून टाकलं.

"नाना, ही पोरं कधीपासून आहेत?"

"तीन वरीस व्हयनात. समदा पोरे मेहनती शेतस."

"मग ती कॉलेजला का येत नाहीत?"

भाईदास नानांना प्रश्नच कळला नाही. तेजसने तो पुन्हा विचारला, मोठ्याने.

"आते पोरे कॉलेजले बसनात," नाना म्हणाले, "मंग कॉलेजनी फी कोन भरी, भाऊ?"