भिकूमामाची कमांड

"कणगीतल्या ज्वारीला कीड का लागत नाही, हे कुणीतरी आधीच लिहिलेलं असणार. नवीन काय त्यात? विषय रद्द!" असं म्हणून सरांनी सायराचा पीएचडीचा अर्ज बाजूला सारला. पोरीचा चेहराच पडला.

पुस्तकं द्यायला आलेला भिकूमामा, ग्रंथालयाचा आठवी पास शिपाई, पुढं झाला. कॉलेजच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर वेबसाइट कसल्या उघडतायत! म्हणून तो काळ्या पडद्यावर नुसती कमांड टाईप करून जगभरचे संशोधनाचे पेपर शोधायला शिकला होता. त्यानं सरांच्याच कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टकटक करत सायराचा विषय टाकला. उत्तर आलं, शून्य.

"कुणीच लिहिलेलं नाही, सर. पोरीची वाट मोकळी."

"मामा, तुम्ही झाडू मारा. काहीतरी चुकीचं टाईप केलं असणार."

मामाचं डोकं सणकलं. त्यानं सरांचं नाव टाकलं. एक पेपर टपकन वर आला.

"शोध तर बरोबर चाललाय की! दारावरच्या पाटीवर तुमचे चाळीस पेपर लिहिलेत. उरलेले एकोणचाळीस पण काढू का?"

सरांनी अर्ज पुढं ओढून सही ठोकली.