येते हं

कुमुदताईंनी प्लास्टरमधला हात शालीखाली लपवला. "फारसं लागलं नाही हो मला. मी आपली जाते."

समोर बसलेली वकील, रेवती चौबळ, अमेरिकेतच जन्मलेली. मराठी बोलायची, पण जपून, गरम चहा फुंकून प्यावा तशी. "मावशी, मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीला अपघात झाला. तुम्ही मागे नुसत्या बसला होतात. हाड मोडलं तुमचं. मग घाबरता कुणाला?"

शेवटी कुमुदताईंच्या तोंडून निघालंच. "माझा व्हिसा संपलाय गं. भांडायला गेले तर हाकलून देतील. लोकांच्या पोळ्या लाटून पोट भरते मी, याच हातावर."

"दुखापतीची भरपाई मागायला व्हिसा लागत नाही. तो हक्क जखमी माणसाचा असतो. आणि तुमच्या व्हिसाबद्दल मी कुणाला सांगणार नाही. वकिलाला तशी बंदीच असते."

कुमुदताईंनी शाल बाजूला सारली, हात टेबलावर ठेवला आणि अपघातानंतर पहिल्यांदाच म्हणाल्या, "फार दुखतं गं."

बोलणं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. रेवतीच्या गालावरून डावा हात फिरवून त्या उठल्या. "येते हं."

रेवती गोंधळली. "परत यायची गरज नाही, मी फोन करीन."

"अगं, निघताना 'जाते' म्हणत नाहीत. मघाशी भीतीपोटी म्हणून गेले."

रेवतीने दार उघडून धरलं. जरा आठवून म्हणाली, "या, मावशी."

कुमुदताई उंबऱ्यातच थबकल्या. या देशात त्यांना कुणीतरी 'या' म्हटलं होतं.